मुक्या रोग्यांचा दवाखाना

आजारी पडल्यावर तुम्ही डॉक्टरांना काय सांगता? डोके दुखते, थंडी वाजते, जेवण नकोसे वाटते. एवढ्या सांगण्यावरून डॉक्टरांचे निम्मे काम होते. आता असा रोगी डोळ्यांपुढे आणा, की ज्याचे वजन चारशे किलो आहे, ज्याला दुखणे सांगता येत नाही आणि समोरचा माणूस आपल्या भल्यासाठी आला आहे हे ज्याला ठाऊकही नाही! असे रोगी ज्यांच्याकडे रोज येतात, त्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील माणसांची आज ओळख करून घेऊ.

तालुक्याच्या गावी असा दवाखाना तुम्ही पाहिला असेल. अंगणात लोखंडी नळ्यांचा एक बळकट सांगाडा असतो. हा खोडा. यात जनावर उभे केले की त्याला लाथ मारता येत नाही आणि स्वतःला इजाही करून घेता येत नाही. डॉक्टर साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेले पदवीधर असतात. त्यांच्या जोडीला पशुधन पर्यवेक्षक, जखमा धुऊन पट्टी बांधणारे व्रणोपचारक आणि जनावर धरणारे, हत्यारे उकळणारे परिचर असतात.

आकडे बोलतात

रोगी बोलत नाही; म्हणून मोजावे लागते. प्रथम तापमान. गाईचे नेहमीचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस, तर शेळीचे त्याहून किंचित जास्त. म्हणजे ३९ अंश हा आकडा माणसाच्या बाबतीत ताप ठरतो, तर शेळीच्या बाबतीत ती चांगली धडधाकट असते! त्यानंतर डॉक्टर गाईच्या डाव्या भकाळीवर मूठ टेकवून घड्याळाकडे पाहतात. आत कोटीपोट असते. निरोगी गाईत ते दोन मिनिटांत दोन-तीन वेळा आकुंचन पावते आणि मुठीला वर ढकलते. ही हालचाल मंदावली, की पचन बिघडले असे समजावे.

कधी लाळ गाळणारी गाय येते. मालक सांगतो, 'घशात काहीतरी अडकलंय, हात घालून काढा.' डॉक्टर मात्र आधी हातमोजे चढवतात आणि बाकीच्यांना दूर करतात. कारण रेबीज झालेली गायही अशीच दिसू शकते आणि तिच्या लाळेतून तो रोग माणसाला होतो. इथे घाई करणे जिवावर बेतू शकते.

बाटली धरणारा हात

गाय व्याली, की तिच्या रक्तातील कॅल्शियम झपाट्याने दुधात उतरू लागते. भरपूर दूध देणाऱ्या गाईत ते इतके कमी होते, की स्नायू काम करीनासे होतात. गाय खाली बसते, मान कुशीकडे वळवते, कान गार पडतात. या आजाराला दुग्धज्वर म्हणतात; पण यात ताप नसतो, उलट अंग थंड पडते! उपचार न झाल्यास काही तासांत गाय दगावते.

उपाय म्हणजे कॅल्शियमचे द्रावण शिरेतून देणे. पण ते वेगाने गेले तर हृदय बंद पडू शकते. म्हणून डॉक्टर स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके ऐकत राहतात. द्रावणाची बाटली परिचराच्या हातात असते. ठोके अडखळले, की डॉक्टर म्हणतात, 'खाली घ्या.' परिचर हात खाली घेतात आणि धार मंदावते.

यात पदार्थविज्ञान आहे. द्रवाचा दाब स्तंभाच्या उंचीवर अवलंबून असतो. बाटली १० सेंटिमीटर वर नेली, की शिरेशी दाब सुमारे सात-आठ मिलिमीटर पाऱ्याइतका वाढतो. म्हणजे परिचराचा दंड हाच येथे दाब कमीजास्त करणारा नळ आहे. सारे नीट पार पडले, तर आडवी पडलेली गाय पुष्कळदा तासाभरात उठून उभी राहते.

उणे १९६ अंश

दवाखान्याच्या कोपऱ्यात एक मोठे पात्र असते. थर्मासप्रमाणे त्याला दोन भिंती असून मध्ये निर्वात पोकळी असते. आत उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन आणि त्यात बुडवलेल्या बारीक नळ्या. जातिवंत वळूचे वीर्य कृत्रिम रेतनासाठी त्यांत गोठवून ठेवलेले असते. पात्राचे बूच मुद्दाम सैल असते. कारण एक लिटर द्रवाचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो, आणि घट्ट बुचाचे पात्र फुटेल.

निर्वात पोकळी असली तरी थोडी उष्णता आत शिरतेच आणि नायट्रोजन उडत राहतो. म्हणून आत दांडी बुडवून बाहेर काढतात व हवेत हलवतात; जिथवर पांढरे हिम जमते, तिथवर द्रव आहे. ही पाहणी चुकली आणि पात्र कोरडे पडले, तर सर्व नळ्या निकामी होतात. वाईट गोष्ट अशी, की नळीकडे पाहून ते कळत नाही! गाय साधारण २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते, तेव्हाच शेतकऱ्याला कळते, की ते तीन आठवडे वाया गेले.

बर्फाच्या पेटीतला विजय

लसीचेही तसेच. लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. ती तापली तर बिघडते आणि गोठली तरीही बिघडते. म्हणून बर्फाची पेटी घेऊन वाडीवस्तीवर जाणारा माणूस बाटली थेट बर्फाला टेकू देत नाही. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली, तेव्हा महाराष्ट्रात हीच माणसे गोठ्यागोठ्यांतून लस टोचत फिरली.

अशा खेपांचे फळ केवढे असते? बुळकांडी हा रोग पूर्वी गावेच्या गावे गुराविना करी. भारत २००६ साली त्यातून मुक्त ठरला आणि २०११ साली जगातूनच त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग. लस प्रयोगशाळेत तयार झाली हे खरे. पण ती थंड राखून शेवटच्या गोठ्यापर्यंत पोहोचवली ती दवाखान्यांतल्या माणसांनी.

करून पाहा : पाण्याने भरलेल्या तांब्यात बारीक नळीचे एक टोक बुडवून साइफन तयार करा. तांब्यातील पाण्याची पातळी नळीच्या खालच्या टोकापासून आधी ३० व मग ६० सेंटिमीटर उंच ठेवून १०० मिलिलिटर पाणी जमायला किती वेळ लागतो ते मोजा. उंची दुप्पट केल्यावर वेळ बरोबर निम्मा होतो का? नळी जाड घेतली तर? उत्तरे वहीत लिहा आणि विज्ञानाच्या शिक्षकांशी चर्चा करा.