मॅकवरचे विंडोज आणि तापलेला प्रोसेसर : कारण कसे शोधायचे?



तत्त्वज्ञानाच्या माणसाने लॅपटॉपवर काय बोलावे, असे काहींना वाटेल. पण आजचा खरा प्रश्न ‘कारण कशाला म्हणायचे’ हाच आहे. लॅपटॉप हे त्याचे उदाहरण.

आधी हे पाहू, की मॅकवर विंडोज हवेच कशाला? यवतमाळ, पुसद, वणीकडे ही गरज खरी आहे. मुलगा किंवा मुलगी पुण्या-बंगळुरूला नोकरीला असते आणि त्यांचा जुना मॅकबुक घरी येतो. यंत्र चांगलेच असते, पण आपली वर्षानुवर्षांची कामे विंडोजवरची. दुकानाचा हिशेब टॅलीत. स्मरणिका, शोधनिबंध, पुस्तके श्री-लिपीसारख्या पॅकेजमध्ये, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. त्या फाइली थेट मॅकवर उघडल्या तर अक्षरांच्या जागी चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून आपण मॅकमध्येच विंडोज बसवतो. मग पंखा घोंघावू लागतो, टाइप केलेले अक्षर दोन सेकंदांनी उमटते आणि कोणीतरी सांगते, “सर, मशीन गेलं, नवीन घ्या.” हा हजारो रुपयांचा निर्णय आहे. तो कारण तपासल्याशिवाय घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

मॅकवर विंडोज चालवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली बूट कॅम्प. ती २००६ मध्ये आली आणि फक्त इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर चालते. तिच्यात एका वेळी एकच घर जागे असते. दुसरी रीत व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे पॅरलल्स, व्हीएमवेअर फ्यूजन वगैरे. इथे मॅक चालू असतानाच त्याच्या पोटात विंडोज चालते. एका चुलीवर दोन संसार, असे समजा. आजचे बोलणे मुख्यतः या दुसऱ्या रीतीबद्दल.

आता आकडा वाचायला शिकू. मॅकच्या अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये १०० टक्के म्हणजे एका कोअरचे पूर्ण काम. त्यामुळे व्हर्च्युअल मशीनपुढे १८० किंवा २५० दिसले म्हणून घाबरायचे कारण नाही. विंडोजचा टास्क मॅनेजर मात्र त्याला मिळालेल्या सगळ्या कोअरचे मिळून १०० धरतो. दोन्हींची मापे वेगळी आहेत, त्यांची थेट तुलना करू नये.

यापुढे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे कार्यालाच कारण समजणे. इंटेल मॅकच्या यादीत पुष्कळदा ‘कर्नेल टास्क’ सगळ्यात वर दिसते. लोक म्हणतात, हाच चोर. बरं का, ते चोर नसून पहारेकरी आहे. प्रोसेसर फार तापला की जास्त काम करणाऱ्या प्रोग्रॅमना तो कमी मिळावा, अशी व्यवस्था कर्नेल टास्क करते. उष्णता उतरली की तेही आपोआप खाली येते. अ‍ॅपलने आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालचे तापमान १० ते ३५ अंश सांगितले आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४५ अंशांवर असतो. गादीवर ठेवलेला लॅपटॉप, त्यात साचलेली धूळ आणि दुपारचे दोन वाजलेले. पहारेकरी ओरडणारच.

दुसरी चूक म्हणजे शेजारी दिसला त्यालाच धरणे. आपल्या नैयायिकांनी यासाठी कुंभाराच्या गाढवाचे उदाहरण दिले आहे. एखाद्या मडक्याची माती गाढवाच्या पाठीवरून आली असेल, पण म्हणून गाढव मडक्याचे कारण होत नाही. माती डोक्यावरून आणली तरी मडके होतेच. अशा गोष्टीला ते अन्यथासिद्ध म्हणतात. “श्री-लिपी उघडली की मशीन तापते” ही तक्रार पुष्कळदा याच जातीची. श्री-लिपी उघडायची म्हणून महिनाभराने विंडोज सुरू होते, आणि त्याच वेळी त्याचे साचलेले अपडेट, अँटीव्हायरसची तपासणी, शोधसूची बनवणे हे सारे एकदम जागे होते. ताप त्यांचा, नाव श्री-लिपीचे.

मग कारण ओळखायचे कसे? अन्वय-व्यतिरेकाने. ते असताना होते आणि ते काढले की होत नाही, हे दोन्ही पाहायचे. क्रम असा ठेवावा.

एक, विंडोज पूर्ण बंद करून फक्त मॅक चालवा. तरीही तापत असेल तर कारण मॅकमध्ये आहे.

दोन, विंडोज सुरू करा, पण त्यात काहीही उघडू नका. तासभर थांबून टास्क मॅनेजर पाहा. अपडेट चालू असेल तर पूर्ण होऊ द्या. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. आठवड्यातून एकदा विंडोज सकाळी चालू ठेवले, तर साचलेले काम कमी राहते.

तीन, वाटणी तपासा. कोअर आणि मेमरी निम्म्याहून जास्त विंडोजला देऊ नये, हा साधा नियम. आठ जीबीच्या मॅकमध्ये विंडोजला सहा दिले, तर मॅकच उपाशी राहतो आणि सारखी डिस्कवर उचल-ठेव सुरू होते. वाटणी कमी केल्यावर दोन्ही सुरळीत चालली, असे होऊ शकते.

चार, मॅकचे सगळे फोल्डर विंडोजला उघडे ठेवले असतील तर ते बंद करून कामाचे एकच ठेवा. नाहीतर विंडोजचा अँटीव्हायरस तुमच्या घरचे लग्नाचे व्हिडिओही तपासत बसेल.

पाच, तीच चाचणी पहाटे आणि दुपारी करून पाहा. फरक पडला तर खोलीच दोषी.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कागदावर लिहून ठेवा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन सुधारेल कदाचित, पण कारण हाती लागणार नाही.

२०२० च्या अखेरीस आलेल्या एम-१ आणि त्यापुढच्या मॅकची गोष्ट वेगळी. तिथे बूट कॅम्प नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये एआरएम जातीचे विंडोज चालते आणि इंटेलसाठी लिहिलेल्या जुन्या प्रोग्रॅमचे ते चालता चालता भाषांतर करते. भाषांतराला श्रम पडतात. तो भार म्हणजे बिघाड नव्हे. मात्र जुन्या पॅकेजच्या यूएसबी लॉकला एआरएमसाठीचा ड्रायव्हर नसेल, तर ते लॉक चालत नाही. खरेदीआधीच विचारून घ्यावे.

शेवटी एक सांगतो. जुन्या मराठी फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर सुरू करा. रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासत, थोडे थोडे. मजकूर एका पॅकेजमध्ये अडकलेला असतो, म्हणून तर हा दुसरा संसार मांडावा लागतो. तो मोकळा झाला, की निदान त्या कामासाठी विंडोजची गरज उरणार नाही.