विद्यापीठातील संगणक आणि दुरुस्तीची पाळी

कारखान्यात यंत्र चालविणाऱ्याचे काम उत्पादनाच्या तक्त्यावर दिसते. त्याच यंत्राला वेळच्या वेळी तेल घालणारा आणि झिजलेला पट्टा तुटण्यापूर्वी बदलणारा फिटर मात्र कोणत्याच तक्त्यावर दिसत नाही. कारण त्याचे काम चोख झाले, म्हणजे काहीच घडत नाही. आमचे आयुष्य कामगारांत गेले. त्यामुळे संगणकाच्या विषयातही आम्ही याच दाराने शिरलो. विद्यापीठाची पायरी चढण्याचा योग आम्हांला आला नाही. जे कळले ते वाचून आणि जाणत्यांना विचारून कळले. तेव्हा तज्ज्ञांची परिभाषा आमच्याकडून श्रोत्यांनी अपेक्षू नये. विद्यापीठासारख्या मोठ्या संस्थेत संगणकांची निगा कशी राखतात, ती ढिली पडली तर काय होते आणि त्याचा जाब कोणाला विचारावा, एवढाच आजचा विषय आहे.

पूर्वी विद्यापीठ म्हटले की इमारती, ग्रंथालय आणि परीक्षेचे गठ्ठे डोळ्यांसमोर येत. आज प्रवेशाचा अर्ज, फी, परीक्षेचे गुण, प्राध्यापकांचे पगार, ग्रंथालयाची नोंद आणि प्रयोगशाळेतील वर्षानुवर्षांची निरीक्षणे ही सारी संगणकांत असतात. आपल्या टेबलावरचा संगणक हा या व्यवस्थेचा केवळ दरवाजा होय. खरे कोठार म्हणजे सर्व्हर. हे मोठे संगणक रात्रंदिवस चालू असतात आणि हजारो लोकांच्या मागण्या एकाच वेळी पुरवितात. त्यांची देखभाल करणारे एक खाते प्रत्येक विद्यापीठात असते. ईमेल बंद पडली की सर्वांना त्याची आठवण होते. एरवी ते खाते कोठे बसते हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आता ‘अपडेट’ म्हणजे काय ते पाहू. संगणक ज्या आज्ञांवर चालतो त्या माणसांनी लिहिलेल्या असतात आणि त्यांच्या ओळी लाखोंनी मोजाव्या लागतात. एवढ्या लिखाणात चुका राहणारच. काही चुका निरुपद्रवी असतात. पण काही अशा असतात की त्यांतून परक्या माणसाला आत शिरता येते. घराच्या मागच्या भिंतीला भगदाड असावे आणि मालकाला त्याचा पत्ता नसावा, तसाच हा प्रकार. भगदाड ध्यानात आले की कार्यप्रणाली बनविणारी कंपनी ते बुजविणारा दुरुस्त भाग तयार करून सर्व ग्राहकांना पाठविते. हेच सुरक्षेचे अपडेट. मायक्रोसॉफ्ट कंपनी ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशा दुरुस्त्या प्रसिद्ध करीत आली आहे.

यातील एक गोष्ट मात्र नीट समजून घेतली पाहिजे. दुरुस्ती जाहीर झाली की भगदाडही जाहीर होते. चोर ती दुरुस्ती उघडून पाहतो आणि भगदाड नेमके कोठे होते ते ताडतो. त्या दिवसापासून शर्यत सुरू होते. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर दोषावरची दुरुस्ती दिली. जवळजवळ दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी प्रोग्राम त्याच दोषातून जगभर पसरला. इंग्लंडमधील रुग्णालये आणि चीनमधील विद्यापीठे त्याच्या तडाख्यात सापडली. औषध तयार होते, वाटलेही गेले होते. पण पुष्कळांनी ते घेतले नव्हते.

विद्यापीठांना हे संकट नवे नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने एक प्रोग्राम जाळ्यात सोडला. तो स्वतःच्या प्रती काढीत एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई, आणि एकाच संगणकावर इतक्या प्रती साचत की यंत्र गुदमरून जाई. बर्कली आणि इतर विद्यापीठांतील मंडळींनी रात्रभर जागून त्यावर उतारा शोधला. गंमत अशी की घाबरून ज्यांनी आपले संगणक जाळ्यापासून तोडले होते, त्यांच्यापर्यंत हा उतारा जाळ्यावरून पोहोचेना. पुढे मॉरिसला न्यायालयाने दोषी ठरविले. अशा प्रसंगी सर्वांना सावध करणारे एक केंद्रही कार्नेगी मेलन विद्यापीठात स्थापन झाले.

परंतु १९८८ चा तो एक विद्यार्थ्याचा उपद्व्याप होता. आज हा धंदा झाला आहे. त्याचे उदाहरण म्हणून नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाची हकीकत सांगतो. तेथील चालकांनी पुढे जाहीर सभा भरवून आणि चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करून ती स्वतःच जगासमोर मांडली, म्हणून ती इतक्या तपशिलाने सांगता येते.

ऑक्टोबर २०१९ च्या मध्यास तेथे काही फसव्या ईमेल आल्या. त्यांतील दुव्यावर कोणीतरी बोट ठेवले आणि चोराला अंगणात पाऊल टाकता आले. एवढ्याने तिजोरी हाती येत नाही. तो महिनाभर आत हिंडत राहिला, एकेक दार चाचपीत राहिला. अखेर सुरक्षेची दुरुस्ती न बसविलेल्या एका सर्व्हरने त्याला वाट दिली आणि २१ नोव्हेंबर रोजी सर्व व्यवस्थेच्या किल्ल्या त्याच्या हाती गेल्या. त्यानंतरही तो घाईला आला नाही. २३ डिसेंबरच्या संध्याकाळी, नाताळच्या सुट्टीत सारे घरोघर पांगले असता, त्याने २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. राखून ठेवलेल्या काही प्रतीही त्याच जाळ्यावर होत्या. त्यांनाही कुलूप लागले. किल्ली हवी असेल तर खंडणी द्या, असा निरोप आला.

६ जानेवारीपासून परीक्षा होत्या. विद्यार्थी सुमारे एकोणीस हजार, आणि त्यांच्याबरोबर संशोधकांची कित्येक वर्षांची कमाई पणाला लागलेली. सारे नव्याने उभारायचे तर महिने लागणार होते. चालकांनी ३० डिसेंबर रोजी ३० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे दोन लाख युरो, चोराला दिले. खंडणी दिल्याने चोराचा धंदा वाढतो हे त्यांना कळत होते. न दिल्यास विद्यार्थ्यांचे वर्ष बुडते हेही दिसत होते. परीक्षा झाल्या. त्या रकमेचा काही भाग पोलिसांनी २०२० मध्ये गोठविला. तोपर्यंत चाळीस हजार युरोंच्या आसपास असलेले ते चलन २०२२ पर्यंत महाग होऊन पाच लाख युरोंच्या घरात गेले, आणि तो पैसा अडचणीतील विद्यार्थ्यांसाठी वापरण्याचे विद्यापीठाने ठरविले. शेवट गोड झाला खरा. पण तो बाजारभावाच्या लहरीने झाला. अशा लहरीवर कोणी संस्था चालवू नये.

आता जाबाचा प्रश्न. अशा वेळी पहिले बोट त्या ईमेलवर टिचकी मारणाऱ्या कारकुनाकडे किंवा विद्यार्थ्याकडे वळते. हे आम्हांला मान्य नाही. कारखान्यात हात कापला गेला की ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ असा शेरा मारण्याची जुनी रीत आहे. यंत्राला संरक्षक जाळी का नव्हती, हे शेऱ्यात येत नाही. हजारो माणसांच्या संस्थेत रोज कोणी ना कोणी फसणारच, हे गृहीत धरून व्यवस्था उभारली पाहिजे. मास्ट्रिख्टला त्या वेळी १,६४७ सर्व्हर आणि ७,३०७ संगणक होते. एवढ्या पसाऱ्यात एक सर्व्हर मागे राहिला की पुरे. तेव्हा विचारायचे ते असे, की एवढ्या यंत्रांची निगा राखायला माणसे किती होती आणि त्यांना वेळ कोणी दिला होता?

दुरुस्ती बसविणे हे फुकटचे काम नव्हे. आधी एका यंत्रावर ती चाचपून पाहावी लागते. कारण एका दोषावरच्या उपायाने दुसरे काम अडते, असेही होते. मग सर्व्हर काही वेळ बंद करावा लागतो. विद्यापीठात हा वेळ सापडणे फार कठीण. आज प्रवेश चालू आहेत, उद्या परीक्षा, परवा निकाल. प्रयोगशाळेतील एखादे महागडे उपकरण जुन्याच संगणकावर चालते आणि त्याला हात लावू नका, असा त्या विभागाचा आग्रह असतो. बॉयलर तपासायचा तर तो थंड करावा लागतो आणि तेवढा काळ उत्पादन थांबते, हे कोणताही कारखानदार जाणतो. संगणकाच्या बाबतीत मात्र निगा राखणाऱ्याने ती कोणाच्याही कामात खंड न पाडता, शक्यतो रात्री आणि जादा माणूस न मागता राखावी, अशी अपेक्षा असते.

हल्ल्यानंतर मास्ट्रिख्टने चोवीस तास पहारा ठेवणारे पथक उभारण्याचे, जाळ्याचे वेगवेगळे कप्पे पाडण्याचे आणि जाळ्याबाहेर राखीव प्रती ठेवण्याचे ठरविले. बैल गेला नि झोपा केला, असे कोणी म्हणेल. पण त्यांनी झोपा केला, आणि तो का केला हे इतरांनाही सांगितले. पुष्कळजण बैल गेल्याचीही वाच्यता करीत नाहीत.

आपल्या गावातील महाविद्यालयातही मुलांचे गुण आणि घरचे पत्ते संगणकातच आहेत. पालकांच्या सभेत नव्या इमारतीबद्दल आपण विचारतो. तेथेच आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. दर महिन्याच्या दुरुस्त्या किती दिवसांत बसतात? राखीव प्रत जाळ्याबाहेर आहे काय, आणि ती उघडून पाहिल्याला किती दिवस झाले? हे काम करणारी माणसे किती, कायम की कंत्राटी, आणि सुट्टीत त्यांची पाळी कोण करतो? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर पहिल्या दोन उत्तरांवर फारसा विश्वास ठेवू नये.