तपासणीचे बिल आणि न उघडलेले चाक
ले. ऊस विकास अधिकारी



ऊस विकास खात्याच्या माणसाने बेणे, सरी, खत, पाणी यांवर लिहावे, अशी आपली अपेक्षा असते व ती रास्तच आहे. पण दहा महिने, बारा महिने वाढवलेला ऊस शेवटच्या दहा मैलांत रस्त्यावर अडकला, तर मागची सगळी मेहनत वाळत पडते. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आम्ही नेहमी सांगतो. उशीर झाला की वजन घटते आणि साखरही घटते. म्हणून आज ट्रॉलीच्या चाकाविषयी आणि गॅरेजच्या बिलाविषयी चार शब्द लिहितो.

आमच्या गटातील एका सभासदाची ही हकीकत. त्यांचा स्वतःचा एक ट्रॅक्टर व दोन ट्रॉल्या. स्वतःच चालवतात, त्यावरच घर चालते. दसऱ्यानंतर त्यांनी दोन्ही ट्रॉल्या हंगामापूर्वी तपासून घेण्यासाठी गॅरेजात सोडल्या. तोंडी सांगितले, "सगळं बघून द्या." चार दिवसांनी बिल आले: दोन्ही ट्रॉली पूर्ण तपासणी, मजुरी ४,५०० रुपये, ग्रीस, नट-बोल्ट वगैरे १,२०० रुपये, एकूण ५,७००. सभासदाने ३,००० दिले, बाकी पहिल्या पगाराला देतो म्हणाले.

हंगाम सुरू होऊन बारावा दिवस. रात्री नऊच्या सुमारास भरलेल्या ट्रॉलीचे मागचे चाक तापले, बेअरिंगचा चुरा झाला आणि चाक तिरके झाले. नशीब, चढ होता आणि वेग नव्हता. उतार असता आणि मागून एखादी मोटारसायकल असती, तर हा लेख वेगळ्या मथळ्याखाली लिहावा लागला असता. दुसऱ्या ट्रॉलीत ऊस भरून तो गव्हाणीला लागायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली.

दुसऱ्या मिस्त्रीने हब उघडले, तेव्हा आतले ग्रीस वाळून दगड झालेले. पिन गंजून जागेवरच बसलेली. मग आम्ही उरलेली सातही चाके उघडून बघायला सांगितली. सगळीकडे तोच प्रकार. म्हणजे 'पूर्ण तपासणी'त एकही हब उघडले गेले नव्हते. बाहेरून निपलला ग्रीस मारले, नट आवळले, झाली तपासणी!

इकडे गॅरेजवाल्याचा निरोप आला, बाकीचे २,७०० पाठवून द्या. सभासद भडकले. "सायेब, एक दमडी देत नाय. उलट बेअरिंगचं आन् बुडालेल्या खेपांचं पैसं त्याच्याकडनं घेतो बघा."

मी म्हणालो, "अण्णा, जरा बसा. चहा घ्या. आधी हिशेब मांडू."

हिशेब कसा मांडला

बेअरिंग गॅरेजने मोडले नव्हते, ते आधीच झिजलेले होते. ते उघडून बघितले असते तर दिसले असते, हा त्याचा दोष. पण नवे बेअरिंग आपल्याला तेव्हाही आपल्याच पैशाने घालावे लागले असते. तेव्हा बेअरिंगची किंमत मागणे मला पटेना. ग्रीस व नट-बोल्ट प्रत्यक्ष लागले होते, त्याचे १,२०० देणे रास्त. निपलला ग्रीस मारणे व नट आवळणे या कामाची मजुरी आम्ही चार ठिकाणी विचारून १,५०० धरली. उरलेले ३,००० रुपये मात्र जी तपासणी झालीच नाही तिचे होते. भांडण तेवढ्याचेच.

मग साध्या कागदावर पत्र लिहिले. बिलाचा क्रमांक व तारीख, काय ठरले होते, काय आढळले, किती रक्कम मान्य व किती अमान्य, आणि पंधरा दिवसांत उत्तराची विनंती. सोबत उघडलेल्या आठही हबचे मोबाईलवर काढलेले फोटो, दुसऱ्या मिस्त्रीची सही असलेली चिठ्ठी व बिलाची नक्कल. मोडके बेअरिंग कापडात बांधून घरी ठेवले. पत्र रजिस्टर पोस्टाने धाडले. शिवी एकही लिहिली नाही, हे मुद्दाम सांगतो.

आठ दिवसांनी गॅरेजमालकाने बोलावले. पहिला प्रश्न केला, "हब उघडा असं कुणी सांगितलं होतं?" आणि बंधूंनो, खरे सांगतो, इथे आमची बाजू लंगडी होती. "सगळं बघा" हे तोंडी. कागदावर आमच्या बाजूने एकच शब्द होता, तोही त्यांनीच लिहिलेला: 'पूर्ण'. त्या एका शब्दावर तासभर बोलणे झाले. शेवटी मालकाने बाकीचे २,७०० सोडले, आम्ही जादा गेलेले ३०० सोडले. बुडालेल्या खेपा आणि उसाची घट मात्र कुणी भरून दिली नाही.

कायदा काय म्हणतो

गाडी गॅरेजातच असताना वाद झाला, तर दांडगाईने ओढून आणू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाची रास्त मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क कारागिराला आहे. हंगाम अडत असेल तर पैसे भरा, पण बिलावर 'हरकत राखून रक्कम दिली' असे लिहून, सही करून त्याचा फोटो घ्या.

पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू झाली, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याच्या जागी आता २०१९ चा कायदा असून तो २० जुलै २०२० पासून लागू आहे. ठरलेली सेवा नीट न देणे ही सेवेतील त्रुटी धरली जाते, आणि बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा. सातारा व सांगली दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्ला घ्यावा. मात्र धंद्यासाठी घेतलेली सेवा या कायद्यात बसत नाही. स्वतः राबून त्यावर पोट भरणाऱ्याची गोष्ट निराळी मानली जाते. ज्यांच्या चार-पाच गाड्या भाड्याने फिरतात, त्यांनी प्रथम वकिलाला विचारावे.

आणखी एक गैरसमज. गॅरेजची तपासणी म्हणजे आर.टी.ओ.चे योग्यता प्रमाणपत्र नव्हे. ब्रिटनमध्ये १९६० पासून मोटारींची सक्तीची चाचणी होते. तिथे काय काय तपासायचे हे आधीच ठरलेले असते, निकाल लेखी मिळतो, तो पटला नाही तर अपील करता येते. आपल्या गॅरेजात अशी यादी कोणी ठरवून दिलेली नाही. ती आपणच करायची आहे.

गाडी सोडण्यापूर्वी कागदावर लिहा

१) सर्व चाकांचे हब उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरणे, बेअरिंग मालकाला दाखवणे.
२) ट्रॅक्टरचे ब्रेक उघडून बघणे व दोन्ही बाजू सारख्या लागतात का पाहणे.
३) हूक, जोडाची पिन व सांगाड्याचे वेल्डिंग तपासणे.
४) पाटे, यू-बोल्ट, टायर व चाकाचे नट तपासणे.
५) मागचे दिवे व लाल रिफ्लेक्टर.
६) प्रत्येक कामाची मजुरी वेगळी; बदललेला जुना भाग परत देणे.

दोन प्रती करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. उलट आपण काय काय केले, हे त्यालाही दाखवता येते. हब उघडतील त्या दिवशी तासभर तिथे जाऊन उभे राहा. आपण बेणे निवडताना डोळा तपासून घेतो, तसेच हे आहे.

आमच्या त्या सभासदाने यंदा यादी करूनच ट्रॉल्या सोडल्या. मजुरी मागच्यापेक्षा जास्त पडली. पण एका हबमधले बेअरिंग गॅरेजातच खराब निघाले, ते तिथेच बदलले.

यादीचा कोरा नमुना प्रत्येक गट ऑफिसात ठेवला आहे. वाहनधारक सभासदांनी तो गाडी गॅरेजात सोडण्यापूर्वी घेऊन जावा, ही विनंती.