संत ऑगस्टीनचा इच्छास्वातंत्र्यविचार आणि अशुभाचा उगम

आदम आणि एवा यांच्या पतनाची कथा मराठीला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिस्तपुराणा'त ती ओवीबद्ध केली आहे. अशुभ जगात कसे शिरले, हे ही कथा सांगते. परंतु सर्वथा मंगल अशा ईश्वराने निर्मिलेल्या सृष्टीत ते मुळात का उद्भवावे, याचा उलगडा ती करीत नाही. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाची सर्वांत प्रभावी मीमांसा संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने केली.

ख्रिस्ती विचारात हा प्रश्न विशेष तीव्र होतो, त्यामागे एक तात्त्विक कारण आहे. भारतीय कर्मसिद्धान्तात संसार अनादी मानलेला असल्याने 'पहिले दुष्कर्म कोणते' हा प्रश्न उपस्थित होत नाही. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी विषमतेचा दोष ईश्वरावर येत नाही असे प्रतिपादन करताना या अनादित्वाचाच आधार घेतला आहे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार मात्र सृष्टी ईश्वराने शून्यातून निर्माण केली. तिला आरंभ आहे. साहजिकच अशुभालाही आरंभ असला पाहिजे, आणि त्याचे दायित्व कोणावर तरी आले पाहिजे.

तारुण्यात ऑगस्टीन सुमारे नऊ वर्षे मानीच्या संप्रदायाचा अनुयायी होता. प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र, परस्परविरोधी तत्त्वे मानणाऱ्या या संप्रदायाने ईश्वराला दोषमुक्त केले होते. परंतु त्याचबरोबर त्याचे सर्वसामर्थ्य हिरावून घेतले होते. शिवाय पाप हे परक्या तत्त्वाचे कार्य ठरल्याने पापी मनुष्यही दायित्वातून सुटत होता. हे दोन्ही निष्कर्ष ऑगस्टीनला पुढे अमान्य झाले.

बाप्तिस्मा (३८७) घेतल्यानंतर त्याने इच्छास्वातंत्र्यावरील संवादात्मक ग्रंथ लिहावयास घेतला. ईश्वर अशुभाचा कर्ता आहे काय, या प्रश्नानेच त्याचा आरंभ होतो. ऑगस्टीनच्या उत्तराची दोन अंगे आहेत. पहिले असे की, अशुभ ही स्वतंत्र वस्तू नसून चांगुलपणाची न्यूनता आहे. अंधत्व म्हणजे जसा दृष्टीचा अभाव, तसे. या मांडणीमागे नवप्लेटोवादाचा संस्कार आहे. दुसरे असे की, नैतिक अशुभ म्हणजे इच्छेने श्रेष्ठ हिताकडे पाठ फिरवून कनिष्ठ हिताकडे वळणे. ईश्वराने इच्छाशक्ती दिली ती सत्कर्मासाठी. तिच्यावाचून सदाचाराला अर्थ नाही आणि शिक्षेला न्याय्यता नाही. तिचा दुरुपयोग हा दात्याचा दोष नव्हे.

परंतु चांगल्या घडविलेल्या इच्छेने पहिल्यांदा पाठ फिरवली ती कशामुळे? 'ईश्वरनगरी' या ग्रंथाच्या बाराव्या खंडात ऑगस्टीन म्हणतो की, दुष्ट इच्छेला उत्पादक कारण नाही. तिचे कारण म्हणजे केवळ उणीव. ते शोधणे म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहू जाणे होय. शून्यातून निर्माण झालेला जीव ढळू शकतो, एवढे यावरून कळते. तो ढळलाच का, हे कळत नाही. स्पष्टीकरण येथे अपुरे राहते, हा आक्षेप पुढील काळात वारंवार घेतला गेला. तथापि त्यात एक तर्कसंगतीही आहे: दुष्ट इच्छेला पुरेसे बाह्य कारण सापडले असते, तर तिचे दायित्वच संपले असते.

पेलॅजियसशी झालेल्या वादात या विचाराची दुसरी बाजू प्रकट झाली. मनुष्य स्वप्रयत्नाने ईश्वराज्ञा पाळू शकतो, असे मानणाऱ्या पेलॅजियसने ऑगस्टीनच्याच पूर्वीच्या विधानांचा आधार घेतला. ऑगस्टीनचे म्हणणे असे की, आदमाला पाप टाळणे शक्य होते. पतनानंतर मानवाला ते कृपेवाचून अशक्य झाले. आणि उद्धार पावलेल्यांना अखेरीस पाप करणेच अशक्य होईल. ४१८ मधील कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलॅजियसची मते त्याज्य ठरविली.

या क्रमात स्वातंत्र्याचा अर्थच पालटतो. बरे आणि वाईट यांतून निवड करण्याची क्षमता हे स्वातंत्र्याचे अंतिम रूप राहत नाही. चांगल्यावर स्थिर होणे हे त्याचे पूर्णत्व ठरते. मात्र असे स्थैर्य आरंभीच का दिले गेले नाही, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोकदार होतो. अशुभातूनही शुभ घडविणे ईश्वराने श्रेयस्कर मानले, असे ऑगस्टीन त्यावर म्हणतो. हे उत्तर श्रद्धेला आधार देते. दुःख भोगणाऱ्याचे समाधान त्याने होईलच असे नाही.