सोडियम स्वस्त, पण बॅटरी किती टिकणार?

सोडियम-आयन बॅटरीचा विषय निघाला की धोरणकर्त्यांच्या बैठकीत मिठाचा उल्लेख हमखास होतो. लिथियमसाठी आपण परदेशावर अवलंबून आहोत, सोडियम मात्र आपल्या मिठागरांतही आहे, हा युक्तिवाद बऱ्याच अंशी खराही आहे. पण त्यात एक प्रश्न मला नेहमी गाळलेला दिसतो: ही बॅटरी दोन-तीन हजार वेळा चार्ज केल्यावर तिची किती क्षमता उरते? याचे उत्तर बहुतांशी तिच्या कॅथोडमध्ये दडलेले असते.

सोडियमचा आयन लिथियमच्या आयनापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने मोठा. कॅथोडच्या एका प्रमुख प्रकारात धातूंच्या ऑक्साइडचे थर असतात. चार्ज होताना सोडियम त्या थरांमधून बाहेर पडतो, वीज देताना परत शिरतो. बराचसा सोडियम निघून गेला की आधार सुटलेले थर एकमेकांवरून सरकतात. निकेल-मँगनीजच्या एका बहुचर्चित ऑक्साइडचे आकारमान या सरकण्यात वीस टक्क्यांहून अधिक घटते. असे आकुंचन-प्रसरण वारंवार झाले की कणांना तडे जातात, तड्यांत इलेक्ट्रोलाइट शिरून अनिष्ट अभिक्रिया घडवतो आणि काही कण विद्युतसंपर्क तुटून निकामी होतात. चार्जिंगचे व्होल्टेज मर्यादित ठेवून हे टाळता येते. मात्र तसे केल्यास काही क्षमतेवर पहिल्याच दिवशी पाणी सोडावे लागते.

मँगनीजचे दुखणे भारताला अधिक जाचणारे आहे. बालाघाट, नागपूर, भंडारा या पट्ट्यात हे खनिज असल्याने आत्मनिर्भरतेच्या हिशेबात ते हवेहवेसे वाटते. पण त्याच्या एका विशिष्ट विद्युतभारित अवस्थेत भोवतालची ऑक्सिजनची चौकट एकाच दिशेने ताणली जाते. त्याने स्फटिक खिळखिळा होतो आणि मँगनीज हळूहळू विरघळू लागते. मॅग्नेशियम किंवा टायटॅनियम मिसळल्यास हा त्रास कमी होतो, पूर्ण जात नाही.

त्यात आपली दमट हवा. यातील अनेक ऑक्साइडांची भुकटी उघडी राहिली, तर बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड तिच्यातील सोडियम ओढून घेतात; कणांवर सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, साचतो. बॅटरी तयार होण्याआधीच तिची झीज सुरू झालेली! किनारपट्टीवरील कारखान्याला हवा कोरडी ठेवण्याचा जो खर्च येईल, तो मिठाच्या भावात दिसत नाही.

फॉस्फेटची चौकट असलेले कॅथोड तुलनेने चिवट असतात. त्यांतील व्हॅनेडियमयुक्त प्रकार महाग. लोहाचा प्रकार स्वस्त, पण तेवढ्याच विजेसाठी वजन जास्त. मोटारीत ते अडचणीचे ठरेल, वीजजाळ्याच्या साठवणुकीत फारसे नाही. माझ्या मते सार्वजनिक पैसा आधी तिथे जावा.

केंद्राने २०२१ मध्ये प्रगत बॅटरींसाठी १८,१०० कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना मंजूर केली. ऊर्जाघनतेबरोबर चार्जिंग चक्रांची संख्याही तिने निकषांत धरली, हे योग्यच झाले. पण किती तापमानाला, कोणत्या व्होल्टेज-मर्यादेत आणि किती क्षमता उरेपर्यंत चक्रे मोजली, हे सांगितल्याशिवाय त्या संख्येला अर्थ नाही. साठवणुकीच्या प्रत्येक निविदेत ही माहिती सक्तीची हवी. प्रयोगशाळेतील २५ अंश सेल्सिअस राजस्थानच्या मे महिन्यात आपोआप मिळत नाहीत. आणि बॅटरीचा कंटेनर थंड ठेवायचा, तर त्यासाठी लागणारी वीजही साठवणुकीच्याच खर्चात धरावी लागेल.