हातातोंडाशी आलेला डाव

२८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बातुमी शहरात बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाची अंतिम लढत टायब्रेकरवर आली होती. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि अनुभवी कोनेरू हम्पी यांचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, पहिला जलद डावही. दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या दिव्याने बाजी मारली. विश्वचषकासोबत ग्रँडमास्टर किताबही तिला मिळाला.

त्यानंतर तिने दिलेली कबुली मात्र कुणाही खेळाडूने लक्षात ठेवावी अशी होती. एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, अजून शिकायला हवा, सोपा विजय आपणच मध्ये कुठेतरी अवघड करून ठेवला, असं ती म्हणाली.

असं का होतं? पटावर मोहरी उरतात मोजकी, पण तिथे एकच चूक अख्खा डाव फिरवते. एक उंट आणि कडेचं प्यादं जास्त असूनही डाव बरोबरीत सुटू शकतो. प्यादं ज्या घरात वजीर होणार, त्या घराचा रंग उंटाच्या रंगाहून वेगळा असेल आणि प्रतिस्पर्ध्याचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला, तर त्याला तिथून हुसकता येत नाही. घाई केली की त्याला शह नाही आणि चालही नाही, म्हणजेच स्टेलमेट!

म्हणून जाणकार आधी प्रतिस्पर्ध्याच्या धमक्या संपवतात, राजाला पटाच्या मध्यावर आणतात आणि मगच प्यादं पुढे ढकलतात. मोहऱ्यांची अदलाबदल करतानाही, उरणारी स्थिती नक्की जिंकता येते का, हे ते आधी तपासतात.

हत्ती आणि एक प्यादं विरुद्ध एकटा हत्ती, यातली ‘लुसेना’ स्थिती त्यासाठी पाठच हवी. प्यादं सातव्या पट्टीत, त्याच्यापुढे आपलाच राजा अडकलेला आणि प्रतिस्पर्ध्याचा राजा दूर रोखलेला. अशा वेळी हत्ती चौथ्या पट्टीत आणायचा. आपला राजा बाहेर पडला की मागून प्रतिस्पर्ध्याच्या शहांचा मारा सुरू होतो. राजा एकेक घर खाली उतरतो आणि शेवटी आपला हत्तीच मध्ये आडवा येऊन शह थांबवतो. प्यादं वजीर झालंच म्हणून समजा.

हे शिकायला नागपूरच गाठायला हवं असं नाही. आंधळगावसारख्या गावातल्या शाळेतल्या मुलांनाही एक पट, दोन राजे, दोन हत्ती आणि एक प्यादं पुरेल. शिक्षकांनी ओपनिंगच्या चाली घोकून घेण्याआधी एवढी एक स्थिती दोन्ही बाजूंनी खेळवून घ्यावी.