टेबल माणसाच्या मापाचं

शिंपी आधी गळ्यात टेप अडकवतो, खांदा मोजतो, बाही मोजतो आणि मगच कापडाला कात्री लावतो. चपलेच्या दुकानातही पहिला प्रश्न 'नंबर कोणता?' हाच असतो. पण ज्या टेबलाशी दिवसाचे आठ तास, अशी वीस-पंचवीस वर्षं बसायचं, त्या टेबलासाठी आपलं माप कोणी घेतलं का? टेबल हातगाडीवरून येतं, भिंतीला लागतं आणि हळूहळू माणूसच त्याच्या मापाचा होत जातो. कुणाची मान पुढे येते, कुणाचा उजवा खांदा वर चढतो, कुणाची अंगठ्याशेजारची दोन बोटं रात्री बधिर होतात.

काम माणसाच्या शरीराला जुळवून घ्यायचं, शरीर कामाला नव्हे, या विचाराच्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. यास्त्रशेम्बोव्स्की नावाच्या पोलिश विद्वानाने 1857 साली ग्रीक भाषेतले 'काम' आणि 'नियम' हे दोन शब्द जोडून हे नाव बनवलं. दुखणं मात्र त्याहून जुनं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामाझिनी या इटालियन वैद्याने कारकुनांच्या आजारांची तीन कारणं लिहून ठेवली : सतत बसणं, हाताची एकाच दिशेने होणारी न थांबणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. तेव्हा बोरू होता, आता माउस आहे. बाकी यादीत खोडण्यासारखं फारसं काही नाही.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे पुस्तकावाचून ठाऊक होतं. मुनिमाचं डेस्क पुढे उतरतं असे, म्हणजे मान न वाकवता वही दिसे. पाठीला लोड असे. आमच्या घरात कुराण वाचायला लाकडी रेहल होती. दोन फळ्यांची ती घडी उघडली, की ग्रंथ जमिनीवरून उचलून डोळ्यांच्या जरा जवळ येतो. आंधळगाव-मोहाडीकडचा कोसा विणणारा कारागीर पाय खड्ड्यात सोडून मागावर बसतो, म्हणजे त्याचे गुडघे मोकळे राहतात. विडी वळणाऱ्या बायांची मात्र अशी सोय कोणीच केली नाही. मांडीवर सूप, सुपात मान, संध्याकाळपर्यंत. म्हणजे परंपरा म्हणून सगळंच चांगलं होतं असंही नाही.

आता गोसीखुर्दकडे येऊ. पवनी तालुक्यातलं हे गाव धरणामुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते वैनगंगेवरच्या या प्रकल्पाची पायाभरणी झाली. पाणी अडलं, गावं उठली, नव्या वसाहती झाल्या आणि कागद वाढले. सातबारा, फेरफार, प्रकल्पग्रस्ताचा दाखला, मोबदल्याचे अर्ज, जातीचे नि उत्पन्नाचे दाखले. एकेकाळी हे सगळं हाताने लिहिलं जाई. मग ग्रामपंचायतींत 2011 च्या संग्राम प्रकल्पाने संगणक आणले, पुढे 'आपले सरकार' सेवा केंद्रं आली. संगणक आला, प्रिंटर आला, वीज गेली तर म्हणून बॅटरीही आली. बसणाऱ्या माणसाचा विचार तेवढा यायचा राहिला. त्याचं बोट थांबलं तर रांगेतल्या म्हाताऱ्याला परत उद्याची फेरी पडते. म्हणून हा फक्त पाठदुखीचा प्रश्न नाही.

या भागातल्याच एका केंद्रात एक मुलगी काम करते. उंची पाच फुटांना इंचभर कमी. मी दाखल्यासाठी गेलो तेव्हा ती मान चोळत होती. म्हणाली, "चाचा, खांदे असे भरून येतात जी, की घरी पोळ्या लाटवत नाहीत." आम्ही फूटपट्टी घेतली. टेबल तीस इंच. प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक सतरा इंच. बसल्यावर तिचं कोपर बैठकीपासून नऊ इंचांवर, म्हणजे जमिनीपासून सव्वीस. कळफलक कोपराच्या उंचीला हवा, आणि तो होता चार इंच वर. हे चार इंच ती दिवसभर खांदे उचलून भरून काढत होती.

उपाय दोन. टेबलाचे पाय कापायचे, नाहीतर माणसाला उचलायचं. टेबल तिच्या मालकीचं नव्हतं, म्हणून बैठकीवर कापसाची घट्ट गादी आली. पण तेवढ्याने पाय लोंबकळू लागले. लोंबकळणाऱ्या पायांनी मांडीखालची शीर दबते, मुंग्या येतात. म्हणून खाली विटा नि त्यांवर पाट. डोळे चार इंच वर गेले, तेव्हा पडदाही उचलावा लागला. त्याच्याखाली कोऱ्या कागदांचे दोन गठ्ठे ठेवले. एक माप बदललं की बाकीची सगळी बदलतात, हे या शास्त्राचं खरं मर्म. नुसती महागडी फिरती खुर्ची आणून म्हणूनच काही साधत नाही.

ढोबळ नियम सांगतो. पडदा हातभर लांब, त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. कोपर अंगालगत, साधारण काटकोनात. मनगट सरळ. कमरेच्या खोलगट भागाला आधार, टॉवेलची वळकटीही चालते. माउस कळफलकाच्या शेजारीच हवा. आपल्या बाजारातल्या कॉम्प्युटर टेबलात कळफलक खालच्या सरकत्या फळीवर नि माउस वर अशी मांडणी असते, तिथे उजवा हात दिवसभर टांगलेला राहतो. खिडकी पडद्याच्या मागे किंवा आपल्या पाठीमागे नको, बाजूला हवी. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडच्या झाडाकडे वीस सेकंद पाहावं.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. त्याचा पडदा नि कळफलक एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एक नीट ठेवला की दुसरा चुकतो. लॅपटॉप उंचावर ठेवून काहीशे रुपयांचा वेगळा कळफलक जोडणं हाच सरळ मार्ग. आणि माझ्यासारख्या दुहेरी भिंगांच्या चष्मेवाल्यांनी पडदा नियमापेक्षा खाली घ्यावा. खालच्या भिंगातून वाचायला आपण हनुवटी वर करतो आणि मान मागे मोडतो. कवी माणसाला पालथं पडून, उशीवर वही ठेवूनही लिहिता येतं. कारकुनाला ती चैन नाही.

आता ज्याच्यासाठी हे माप म्हणजे आराम नव्हे, तर नोकरी असते त्याच्याविषयी. मला माहीत असलेला एक तरुण आहे. लहानपणच्या पोलिओमुळे दोन्ही पाय अधू, बोटं मात्र झरझर चालतात. टायपिंगची परीक्षा पास. एका केंद्रात काम मिळालं आणि महिनाभरात तो सोडायला निघाला. कारण काम नव्हतं, टेबल होतं. सरकती फळी चाकाच्या खुर्चीच्या हातांना अडे, उजव्या बाजूचा सीपीयूचा खण गुडघ्याला लागे, मधली आडवी दांडी पायांना. टेबलाजवळ जाताच येईना. मग प्लॅस्टिकच्या खुर्चीत उतरायचं, आणि ती गुळगुळीत फरशीवर सरकायची. दोनदा पडला.

चाकाच्या खुर्चीसाठी टेबलाखाली साधारण सत्तर सेंटिमीटर उंच, ऐंशी सेंटिमीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल अशी मोकळी जागा लागते. दार नव्वद सेंटिमीटर. उतार एकास बारा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची : पोलिओत संवेदना शाबूत असते, बसून बसून दुखलं की कळतं. पण झाडावरून पडून मणक्याला मार बसलेल्या माणसाला ते कळतच नाही. त्याला योग्य गादी हवी आणि थोड्या थोड्या वेळाने हातांवर अंग उचलून घ्यायला वेळ हवा, नाहीतर जखम चिघळून माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो. ही उठबस म्हणजे कामचुकारपणा नव्हे, हे साहेबांनाही माहीत असावं.

एका हाताने काम करणाऱ्याची अडचण तर आपल्या लिपीतच आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वरचिन्हं डावीकडे नि व्यंजनं उजवीकडे असतात. दोन हातांना ही वाटणी छान. पण ख, घ, थ, ध, भ यांसाठी शिफ्ट दाबून धरावी लागते. 'पवनी' एका हाताने लिहिता येतं, 'वैनगंगा'ही. 'गोसीखुर्द' लिहिताना मात्र हात 'ख'पाशी अडतो आणि 'भंडारा' तर पहिल्याच अक्षराला. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की एक चौकट येते. आपण ती वैतागून बंद करतो. तीच 'स्टिकी कीज'ची सोय. ती चालू केली की शिफ्ट दाबून सोडायची, मग अक्षर दाबायचं. पैसा एक लागत नाही.

अंध माणसाला पडद्याची उंची नको, कानाला आवाज हवा. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 साली लिहायला घेतलं. ते फुकट मिळतं आणि मराठीही वाचतं. अट एकच, मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या फॉन्टांतले अर्ज आपल्याला मराठी दिसतात, पण यंत्राला ती निरर्थक रोमन अक्षरं वाटतात. कचेऱ्यांच्या कपाटांइतकीच जुन्या संगणकांतही अशी मुकी मराठी भरून आहे.

हे सगळं दयेवर सोडलेलं नाही. 19 एप्रिल 2017 पासून लागू झालेल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आस्थापनांवर दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय देण्याची जबाबदारी टाकली आहे आणि ती नाकारणं हा भेदभाव ठरवला आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर त्या कारणाने सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. अर्ज लेखी करावा, आणि त्यात 'सोय करावी' एवढंच न लिहिता मापं लिहावीत. माप लिहिलं की उत्तर टाळणं कठीण जातं.

त्या तरुणाचं काम सुताराने अर्ध्या दिवसात केलं. सरकती फळी काढली, दांडी काढली, सीपीयू भिंतीकडच्या स्टुलावर गेला, टेबलाच्या पायांखाली दीड इंचाचे ठोकळे आले. दाराला दोन इंचांचा उंबरा होता. काढलेल्या फळीपासून त्याने उंबऱ्याला दोन फूट लांबीचा उतार करून दिला.